आतली कडी

दार उघडलं नाही. खांदा लावून ढकललं, तरी उघडलं नाही. हातांवर हनुवटीपर्यंत टॉवेलांची चळत होती, मशीनमधून नुकतीच निघालेली, अजून गरम, आणि मी त्या दारावर अशी आपटले की वरचे टॉवेल घसरून खाली फरशीवर पडले. बेघर कुटुंबांसाठीच्या या निवाऱ्यातल्या कुठल्याच दारानं मला असं अडवलं नव्हतं. वरच्या मजल्यावरची दारं दमट हवेनं फुगतात. कुठलं खालून पायानं ढकलायचं, कुठलं मुठीजवळ खांद्यानं, हे मला इतकं पाठ आहे की बाकीच्या बायका मलाच विचारतात. पण फुगलेलं दार आधी जरासं हलतं, कुरकुरतं, मग सुटतं. हे मुळीच हललं नाही, कारण ते कुणीतरी आतून बंद केलं होतं. आणि खरं सांगते, मला पहिला राग आला तो आतल्या माणसांचा. तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही यांचे टॉवेल धुवायचे, वाळवायचे, घड्या घालायच्या, गुडघे दुखत असताना जिने चढून आणून द्यायचे, आणि यांनी आमच्याच दाराला आतून अडसर लावायचा? आमच्याच दाराला. हे दोन शब्द मनात आले आणि मी जागच्या जागी थिजले, कारण ते माझे शब्दच नव्हते. ते माझ्या मावशीचे होते, तिच्याच आवाजात, शेवटचं अक्षर जरासं लांबवून. तोपर्यंत मात्र उशीर झाला होता. 'अहो, दार उघडा! आतून काय लावून घेतलंय?' असं मी ओरडून मोकळी झाले होते, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते माझ्याबाबतीत शब्दशः खरं असल्यामुळे तो ओरडा खालच्या मजल्यापर्यंत पोचला होता.

आत काहीतरी घाईघाईनं सरकवल्याचा आवाज आला, आणि फरशीवाल्यानं दार उघडलं. हा माणूस लोकांच्या घरी फरशा बसवायचा. सगळं आयुष्य गुडघ्यांवर गेल्यामुळे आता एक गुडघा वाकत नाही आणि कामावर कुणी बोलवत नाही. त्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करते, ती कामावर गेली होती. त्यांची मुलगी खाटेवर बसून चित्र रंगवत होती. माझ्याकडे बघून तिनं पाय हळूच खाटेखाली सोडले आणि न बघताच पायांनी बूट चाचपले. तेव्हा मला सगळं कळलं. पण माझ्या मागून जिना चढून मॅनेजरसाहेब आले होते. ते बँकेतून निवृत्त झालेले, निवाऱ्याच्या दिव्यांची, नळांची, कुलपांची देखभाल बघतात आणि त्यात त्यांचा जीव असतो. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. चौकटीला आतल्या बाजूनं एक खिट्टी बसवलेली होती. चमच्याचा दांडा वाकवून केलेली, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या, मुलीचा हात कापू नये म्हणून. दोन स्क्रू. साहेब वाकून बघत म्हणाले, 'हे स्क्रू खाटेचे आहेत.' फरशीवाला म्हणाला, 'हो. खाटेला चार होते. दोनांवर पण खाट उभी राहते, मी बसून बघितलं.' साहेब म्हणाले, 'दुपारी खाली या. ताईंसमोर बोलू.' निवारा ताई चालवतात. माझ्याकडे वळून ते म्हणाले, 'बरं झालं तुम्ही ओरडलात.' हे वाक्य मला चपराक बसावी तसं लागलं. मी पडलेले टॉवेल उचलले, ते पुन्हा धुवावे लागणार होते म्हणून बाकीच्यांसकट सगळे परत खाली घेऊन गेले, आणि त्या खोलीत टॉवेल न देताच आले हे मला मशीनपाशी पोचल्यावर लक्षात आलं.

मशीन लावलं की मला बसायला एक प्लॅस्टिकची खुर्ची आहे. तिच्यावर बसून मी फिरणारे टॉवेल बघते आणि मनातल्या मनात भांडते. भांडायला मला माणूस लागत नाही. नोकरीत असताना मी टपाल कार्यालयाच्या खिडकीमागे बसायचे आणि काचेवर टकटक करणाऱ्या माणसांवर खेकसायचे. 'जरा थांबा' हे मी जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा माझं नावही कुणी घेतलं नसेल. राग माझ्या नाकावर असतो, असं माझा नवरा म्हणायचा, आणि पुढे जोडायचा, की नाक लहान असल्यामुळे बराच राग खाली सांडतो. पण निवृत्त झाल्यावर इथे निवाऱ्यात मदतीला यायला लागल्यापासून मला राग सांडायला जागाच सापडत नव्हती. इथे सगळे चांगले आहेत. ताई तर इतक्या चांगल्या, की त्यांच्याविरुद्ध मनात काही आलं तरी माणसानं स्वतःलाच दोन शब्द सुनावावेत. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, पण सगळे ताई म्हणतात म्हणून मीही म्हणते. सकाळी पहिल्या येतात, शेवटच्या जातात, कुणाच्या मुलाला ताप आला तर स्वतः दवाखान्यात घेऊन जातात, हा निवारा त्यांनी अक्षरशः लोकांच्या दारोदार हिंडून उभा केला. अशा माणसावर रागवायचं कसं? चांगल्या माणसांवर रागावता येत नाही, ही त्यांची केवढी मोठी सोय असते, आणि ज्यांच्याशी ती चांगली वागतात त्यांना मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. इथल्या मुलांनी मला टॉवेलमावशी म्हणायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यांना ते फार गोड वाटलं. मला नाही वाटलं. मावशी या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही.

वडील गेल्यावर आई मला घेऊन तिच्या मोठ्या बहिणीकडे राहायला गेली. मावशीनं आम्हाला मधली खोली दिली. घरात बाहेरची खोली होती, स्वयंपाकघर होतं आणि दोन्हींच्या मध्ये ही. न्हाणीघराकडे जायचं तर तिच्यातूनच जावं लागे, त्यामुळे ती खोली कमी आणि वाट जास्त होती. तिला दोन दारं होती आणि एकालाही कडी नव्हती. मावशी, काका, त्यांची मुलं, मुलांचे मित्र, दूध घालणारा, सगळे आमच्यातून जायचे. वाईट कुणीच नव्हतं. जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारायचे, आईला 'बसा हो, बसा' म्हणायचे. कारण प्रत्येक वेळी आई बसलेली असली तर उभी राहायची आणि आडवी झालेली असली तर उठून बसायची. मी तिला त्या घरात सलग आडवं झालेलं कधी पाहिलं नाही. मावशी येऊन आमची पेटी उघडायची, आमच्याच कपड्यांच्या स्वतः नीट घड्या घालून ठेवायची आणि म्हणायची, 'माझ्यापासून काय लपवायचंय तुला? मी काय परकी आहे?' परकी असती तर बरं झालं असतं. परक्याला दार वाजवावं लागतं. आई कपडे बदलायची तेव्हा मी चादर धरून उभी राहायचे, हात वर ताणून, आणि चादरीवरून माझी नजर या दाराकडून त्या दाराकडे फिरत राहायची. एकदा काका आत आले, चटकन वळले, 'माफ करा हं' म्हणाले. खरंच चांगला माणूस. आई नंतर मला म्हणाली, 'चालायचंच. त्यांच्याच दाराला आपण कसं लावून घ्यायचं?' मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मावशीला काहीतरी बोलेल. ती स्वयंपाकघरात गेली आणि भाजी निवडायला बसली.

आणि त्या घरातल्या न्हाणीघराची कडी मोडकी होती. कुणीच ती दुरुस्त केली नाही, कारण घरच्या माणसांना तिची अडचण नव्हती. ते आत असले की बाकीचे घरचेच, बाहेरून हाक मारून विचारायचे, हसायचे. आईनं यावर एक उपाय शोधून काढला. ती आत गेली की गुणगुणायची. गाणारी ती मुळीच नव्हती, सूर तिला कधी सापडला नाही. पण आत कुणीतरी आहे हे बाहेर कळावं म्हणून ती अंगावर पहिला तांब्या ओतल्यापासून केस पुसेपर्यंत एकसारखी गुणगुणत राहायची, मध्ये श्वास घ्यायलासुद्धा थांबायची नाही. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, 'एवढं दुःख झालं, पण बघा, स्वभाव किती आनंदी! आंघोळीला गेली की गाणी!' पुढे मला नोकरी लागली, आम्ही स्वतंत्र घर घेतलं, त्याच्या न्हाणीघराला मी भक्कम कडी बसवली, वर एक आणि खाली एक. आई ती कडी लावायची आणि तरीही गुणगुणायची. शेवटपर्यंत. मी बाहेर उभी राहून म्हणायचे, आई, कडी आहे ना, गप्प बस की जरा. ती म्हणायची, हो गं, सवय. आई आयुष्यात कुणावर रागावली नाही, आणि तिच्या वाटचा सगळा राग माझ्याकडे आला. तो अजून संपलेला नाही, वापरून वापरून कमी व्हावा तर उलट वाढतोच. मशीन थांबलं. मी टॉवेल काढून वाळवायच्या मशीनमध्ये घातले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

आता मागच्या आठवड्याचं सांगते, म्हणजे ती खिट्टी का आली ते कळेल. निवाऱ्यात ताईंनी एक पद्धत पाडली आहे. कुठल्याही मुलाचा वाढदिवस असला, की शाळेच्या आधी सकाळी सगळ्या स्वयंसेवकांनी पाय न वाजवता त्या खोलीबाहेर जमायचं, दार एकदम उघडायचं आणि केक घेऊन गाणं म्हणत आत शिरायचं. ताई म्हणतात, या मुलांच्या आयुष्यात चांगला धक्का कधी बसलेलाच नसतो. वाक्य ऐकायला इतकं छान आहे, की त्यातलं काय खटकतंय ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात यायला नको? माझ्याही आलं नाही. उलट दार ढकलायचं काम माझ्याकडे, कारण दारांची माहिती मला. फरशीवाल्याच्या मुलीच्या वाढदिवशी मी खांदा लावला, दार धाडकन भिंतीवर आपटलं, आणि आम्ही सगळे, पुढे ताई केक घेऊन, मागे फोटो काढणारा, त्याच्या मागे स्वयंपाकघरातल्या बायका, टाळ्या वाजवत आत घुसलो.

फरशीवाला दाढी करत होता. त्याचा हात वरच्या वर थांबला आणि साबण लावलेल्या गालावर गेला. त्याची बायको खाटेपलीकडे होती. तिनं आमच्याकडे बघितलंच नाही. तिनं खाटेखालून एक पिशवी ओढली, ती भरलेलीच होती, आणि खुंटीवरचे कपडे काढून तिच्यात कोंबायला लागली, आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाली, अगदी शांतपणे, जणू काही हे तिनं कितीदा घोकून ठेवलं असावं, 'पाच मिनिटं द्या. सामान आम्हीच काढतो. तुम्ही हात लावू नका.' आणि ती पोरगी. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. ती झोपायच्या कपड्यांतच खाली फरशीवर बसली आणि बूट घालायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या लोकांना यातलं काही दिसत नव्हतं, त्यामुळे गाणं चालूच होतं. त्या गाण्याची एक संपूर्ण ओळ मी, दाराशी उभी राहून, तोंडानं म्हटली, आणि डोळ्यांनी तिला बुटाचा बंद ओढताना बघत होते. मग मुलीच्या आईला केक दिसला. ती हसली. लगेच, आमच्यासाठी. 'अय्या,' म्हणाली, 'आम्हाला वाटलं...' आणि काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. ताईंनी मुलीला उचलून कडेवर घेतलं, फोटो निघाला, आणि दुसऱ्या दिवशी तो जेवणाच्या खोलीतल्या फळ्यावर लागला. येणारा प्रत्येक जण तो बघून म्हणायचा, 'चेहऱ्यावरचं आश्चर्य बघा, किती गोड!'

त्यांचं घर कसं गेलं ते बायकोनंच मला एकदा सांगितलं होतं, टॉवेल मोजून घेताना, सहज, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. मालकानं जागा विकली होती. एका सकाळी माणसं आली, दार वाजवलं नाही, सरळ आत. नवरा दाढी करत होता, अर्धी झाली होती. त्यांनी सामान बाहेर नेऊन रस्त्यावर ठेवलं, आरसासुद्धा. तो दिवसभर अर्ध्या दाढीनं जागा शोधत हिंडला, आणि अर्ध्या दाढीच्या माणसाला कोण जागा देणार? मुलगी खूप हसली होती म्हणे बापाकडे बघून. लहान होती. 'आम्हीपण हसलो, करता काय,' असं म्हणाली. हे मला माहीत होतं. हे सगळं माहीत असूनसुद्धा मी दाराला खांदा लावला होता, कारण केक होता, गाणं होतं, आणि आम्ही चांगली माणसं होतो. भीक नको पण कुत्रं आवर, ही म्हण मी आयुष्यभर भिकाऱ्याच्या बाजूनं ऐकत आले. आपण कुत्रं असू शकतो हे काही कधी मनात आलं नव्हतं.

टॉवेल वाळले. मी घड्या घातल्या आणि दुपारी जेवणाची खोली रिकामी झाल्यावर तिथे गेले. फळ्याजवळून जाताना थांबले, फोटोच्या चारी टाचण्या काढल्या आणि फोटो ब्लाउजमध्ये सरकवला. टाचण्या हातातच राहिल्या, त्या मी मुठीत धरून बसले. ताई टेबलाच्या त्या बाजूला होत्या, डोळ्यांखाली काळं, रात्री कुणाच्या तरी बाळाला घेऊन दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारी मॅनेजरसाहेब. त्यांच्यासमोर ती खिट्टी ठेवलेली होती, स्क्रूंसकट. म्हणजे त्यांनी ती काढून आणली होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती फारच लहान दिसत होती. फरशीवाला दुखरा पाय सरळ ठेवून उभा होता. 'बसा ना,' ताई म्हणाल्या. तो बसला नाही. त्याची बायको कारखान्यातून थेट आली होती, अंगाला गरम कपड्यांचा वास. दुपारची सुट्टी होती, परत जायचं होतं. मुलीला त्यांनी वरच ठेवलं होतं.

'कुणाला घालवायची हौस नाही मला,' ताई म्हणाल्या. 'पण नियम एकच आहे. आतून दार बंद करायचं नाही. उद्या आग लागली, एखादं मूल आत अडकलं, तर? मागे एका खोलीत माणसानं बायकोला कोंडून मारलं होतं, दार फोडावं लागलं. तेव्हापासून कड्या काढल्यात. हौसेनं नाही काढल्या.' ते खरं होतं. ताईंचं सगळंच खरं असतं, ही तर पंचाईत आहे. साहेब म्हणाले, 'आणि खाटेची मोडतोड वेगळीच. बाहेर कितीतरी कुटुंबं थांबलीत खोलीसाठी. त्यांना मी काय सांगू?' फरशीवाला घाईनं म्हणाला, 'चुकलं साहेब. स्क्रू मी परत बसवतो, आत्ता. पुन्हा होणार नाही. खोली तेवढी काढू नका. पोरीची शाळा इथूनच...' तो आवाज मला ओळखीचा होता. त्याच आवाजात आई चालायचंच म्हणायची.

बायको म्हणाली, 'मी परत बसवणार.'

'काय?' साहेब म्हणाले.

'खिट्टी. तुम्ही काढली ती. मी परत बसवणार.'

'अगं, गप्प बस,' नवरा म्हणाला.

'का गप्प बसू? लेकरू बूट घालून झोपतंय आठवडाभर. काढले तर रडतंय. खिट्टी लावली त्या रात्री बूट काढून झोपलं.' ती ताईंकडे वळली. 'ताई, तुमचे उपकार आहेत. इथे छत आहे, जेवण आहे, सगळं आहे. नाही म्हणत नाही मी.'

ताईंचा चेहरा उतरला होता, त्यांना खरोखर कळत नव्हतं. 'पण आम्ही केक आणला होता गं,' त्या म्हणाल्या. 'गाणं म्हणत आलो होतो. गाणं ऐकून कुणी घाबरतं का?'

'गाणं नंतर ऐकू आलं, ताई. आधी पावलं ऐकू आली.'

मग साहेबांनी घसा साफ केला आणि माझ्याकडे बघितलं. 'तुम्ही सगळ्यांत आधी बघितलंत. तुम्ही सांगा. असं चालू दिलं तर उद्या प्रत्येक खोलीत...' आणि पुढचं वाक्य त्यांना पूर्ण करता आलं नाही, कारण मी फोटो काढून टेबलावर आपटला. टाचण्यापण उडाल्या, एक साहेबांच्या चहाच्या बशीत पडली. मी म्हटलं, 'हा फोटो सगळ्यांना आवडतो ना? बघा. तोंडाकडे नका बघू, पायांकडे बघा. झोपायच्या कपड्यांवर बूट आहेत. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. आठवडाभर ही पोरगी फळ्यावर लटकत होती आणि आपण तिच्याखाली बसून जेवत होतो.' माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. 'साहेब, तुमच्या घरी संडासाला कडी आहे? आहे ना? आग लागली तर? ताई, तुमच्या बेडरूमला? पण आपल्याला लागते. यांना कशाला, यांना आपण दार दिलंय, कडीपण मागतात! दार ढकललं मी. माझ्या या खांद्यानं. यांनी काय मोडलं? दोन स्क्रू. यांना घालवायचं असेल तर घालवा, पण मग टॉवेल घेऊन वर कोण जाणार ते बघून ठेवा, कारण मी जाणार नाही, आणि गप्पही बसणार नाही. भेटेल त्याला सांगेन. माझं तोंड किती मोठं आहे ते सकाळी तुम्ही ऐकलंत.' खरं तर मला याहून बरंच बोलायचं होतं, मधल्या खोलीबद्दल, न्हाणीघराबद्दल, आनंदी स्वभावाबद्दल. पण ते या लोकांना सांगून काय उपयोग, ज्यांना सांगायचं होतं ती माणसं केव्हाच गेली. मी धापा टाकत खाली बसले.

ताईंनी फोटो हातात घेतला. चष्मा वर करून जवळ धरला. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या, आणि मला वाटलं, आता रडतील. रडल्या असत्या तर मला आणखी राग आला असता, कारण मग आम्हा सगळ्यांना त्यांची समजूत काढत बसावं लागलं असतं. त्या रडल्या नाहीत. फोटो त्यांनी पालथा ठेवला. 'खोली यांचीच राहील,' त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, 'अहो पण नियम...' 'नियम मीच केला होता,' ताई म्हणाल्या. 'सगळ्या दारांना कड्या लावू. आतून लागणाऱ्या, पण अडचण आली तर बाहेरून किल्लीनं उघडतील अशा. मिळतात ना तशा?' साहेब म्हणाले, 'मिळतात. मापं घ्यावी लागतील.' फरशीवाला पहिल्यांदा मान वर करून म्हणाला, 'मापं मी घेतो. दारं फुगलेली आहेत, आधी रंधा मारावा लागेल.' बायकोनं टेबलावरची खिट्टी आणि स्क्रू उचलले, नवऱ्याच्या खिशात टाकले, आणि कारखान्याची वेळ झाली म्हणून निघून गेली. आभार मानले नाहीत. मला ते फार आवडलं. दाराशी ताईंनी माझा दंड धरला, म्हणाल्या, 'तुम्ही फार रागावता हो.' मी म्हटलं, 'हो. पण उशिरा.' त्यांना वाटलं मी दिलगिरी व्यक्त करतेय, आणि त्यांनी प्रेमानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझं अंग आक्रसलं.

संध्याकाळी, फरशीवाल्यानं खिट्टी परत बसवल्यावर, मी त्यांचे टॉवेल घेऊन वर गेले. सकाळची चळत आता गार झाली होती. दारासमोर उभी राहिले आणि मला कळेना, वाजवायचं कसं. इतकी वर्षं या इमारतीत येतेय, पण इथलं एकही दार मी कधी वाजवलं नव्हतं. बोटाच्या पेरानं टकटक केलं. आवाज माझा मलाच परका वाटला. आत बोलणं चाललं होतं ते एकदम थांबलं. ती शांतता मी ओळखते. मधल्या खोलीत ती रोज असायची, आई मान जरा कलती करून ऐकायची, पावलं कुणाची, कुठल्या दाराकडची. मी घाईघाईनं म्हटलं, 'मी आहे. टॉवेल आणलेत. काही घाई नाही.'

'थांबा!' आतून मुलगी ओरडली.

मी थांबले. आत पाण्याचा आवाज झाला, भांडं खाली ठेवल्याचा, मग तिची आई काहीतरी म्हणाली आणि मुलगी हसली. मी थांबले. हात भरून आले, गुडघा ठणकायला लागला. काय करतायत एवढा वेळ? एक दार उघडायला इतका उशीर? मी सकाळपासून यांच्यासाठी सगळ्यांशी भांडतेय, आणि साधे टॉवेल घ्यायला यांना सवड नाही? अंगात ती ओळखीची आग चढू लागली, आणि कसला तरी गार स्पर्श झाला म्हणून मी खाली बघितलं. माझा हात दाराच्या मुठीवर होता. खांदापण पुढे आला होता, दाराला टेकायच्या बेतात. हात तिथे कधी गेला ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

मी हात काढून घेतला. एक पाऊल मागे झाले, टॉवेल छातीशी धरले आणि उभी राहिले. आतून खिट्टी काढायची कुणी घाई करत नव्हतं.